बिनतंबाखूची मिश्री

सकाळची कॉफी पोटात जाईपर्यंत माझ्याशी कुणी बोलू नये, असा माझा नियम आहे. पुण्यात तो चालला. तेर गावात, सासरी, उजाडायच्या आत लोक अंगणात येऊन "सूनबाई उठल्या का?" विचारतात, तिथं नियम पाळायला यंत्र लागलं. लग्नात मैत्रिणींनी दिलेलं. छोटी डबी आत टाकायची, बटण दाबायचं, कॉफी तयार. एका डबीत एक कप, कुणाला वाटा द्यायची भानगड नाही.

सासूबाईंना, कमलबाईंना, मी आत्या म्हणते. पहिल्याच दिवशी त्यांनी डबी हातात फिरवून विचारलं, "ह्यात काय असतंय?"

"भाजून दळलेली पूड," मी म्हणाले. कॉफी अजून व्हायची होती, त्यामुळं उत्तर तुटक. "सकाळी लागतेच. त्याशिवाय डोकं चालत नाही."

"तंबाखू असती व्हय त्यात?"

"छे."

आत्यांनी मान डोलावली आणि डबी जागेवर ठेवली. मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, ते मला फार उशिरा कळलं.

घरात तेव्हा निराळाच घोर होता. जन्मभर भाजल्या तंबाखूची मिश्री दातांना लावून आत्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा पडला होता. धाराशिवच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तंबाखू सोडली नाही तर हे कुठवर जाईल सांगता येत नाही. माझा नवरा रणधीर त्या दिवशी जेवला नाही. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे बलभीममामांनी, तोडगा काढला. नवरा-बायकोनं येरमाळ्याला जाऊन येडाई देवीपुढं आण घ्यायची. तिनं मिश्री सोडायची, त्यांनी तंबाखूची चंची. एकानं मोडली की दुसरा मोकळा. आण झाली, पण मामांनी चंची काही रिकामी केली नाही. भरलेलीच खुंटीला अडकवली आणि येता-जाता बायकोच्या तोंडाकडं बघायला लागले.

इकडं माझ्या डब्या कमी व्हायला लागल्या. आधी मला उंदराचा संशय आला. मग मामांचा. चंची सुटल्यापासून ते दिसेल ते तोंडात टाकत होते, बडीशेप, लवंग, एकदा तर माझं इसबगोल. पण विचारायचं कसं? सासऱ्यावर चोरीचा आळ घेणारी सून म्हणून गावभर नाव झालं असतं.

एके दिवशी सकाळी खोकं उघडलं तर रिकामं. आदल्या दिवशी शेवटची डबी मी डोळ्यांनी पाहिली होती. नवं खोकं रणधीर संध्याकाळी धाराशिवहून आणणार होता. संध्याकाळपर्यंत जगायचं कसं? मी तणतणत परसात गेले.

मोरीपाशी आत्या उकिडव्या बसल्या होत्या. बोट तोंडात, दात काळेकुट्ट.

माझ्या मागून मामा तांब्या घेऊन आले. "मोडली," ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण पाय खुंटीकडं वळलेसुद्धा.

आत्यांना बोलता येईना, तोंड भरलेलं. त्या दोन्ही हातांनी नाही नाही करत होत्या. माझा कॉफीचा राग कुठल्या कुठं गेला. मला या बाईचा लळा लागला होता आणि डोळ्यांपुढं तो चट्टा आला. तेवढ्यात त्यांच्या पायाशी ओळखीची वस्तू दिसली. माझी डबी, वरचा कागद फाडलेली.

आत्यांनी खळाखळा चूळ भरली. "येडाईची आण, तंबाखूला बोट न्हाय लावलं म्या. ही सुनंची मिश्री हाय, बिनतंबाखूची. तीच म्हणली, भाजून दळल्याली हाय, सकाळी लागतीच. तिला यंत्र लागतंय, मला बोट पुरतंय."

"मग चोरून कशापायी?" मामांच्या तळहातावर तंबाखू आणि चुना केव्हाच आले होते.

आत्या खाली बघत म्हणाल्या, "सुनंपाशी तलफ मागायची लाज वाटली."

मी डबी उचलून मामांच्या नाकाशी धरली. त्यांनी मोठ्या आशेनं हुंगली. पुन्हा हुंगली.

"करपल्याल्या चिंचोक्यावानी येतोय वास," ते पडेल आवाजात म्हणाले. "तंबाखूचा न्हाय." आणि तळहात धोतराला पुसला.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "अहो, घासायला कसली देता? प्यायला द्या."

संध्याकाळी रणधीरनं खोकं आणलं. मामा उठले आणि खुंटीवरची चंची काढली. ते सरळ उकिरड्यावर गेले, चंची उलटी करून झटकली आणि रिकामी माझ्यापुढं आणून ठेवली.

"ती करपल्याली पूड घासती, पर आण मोडत न्हाय," ते म्हणाले, "अन् म्या भरल्याली चंची राखून तिच्या मोडायची वाट बघत बसलो. ह्यात डब्या ठेव. तिला मागायला लावू नगं."

"आणि तुम्हाला, मामा?"

"दिलीस तर न्हाय म्हणत न्हाय."

आता यंत्र सकाळी आधी आत्यांसाठी चालतं. त्या बशीत ओतून, गूळ घालून पितात. मग मामांसाठी. थोरांच्या आधी सुनेनं प्यायचं कसं, म्हणून माझा कप शेवटी येतो. तोवर माझ्याशी सगळे बोलून घेतात.