आत्याचा वाटा

"आत्या, तू लगीन का नाय केलंस?"

हे विचारून दाखव, अशी पैज पुष्पा आणि इंद्राणी या माझ्या मैत्रिणींनी बसमध्येच लावली होती. यंदा वादविवादात पहिली आलेली मी घाबरणार थोडीच!

आमच्या बेटावरच्या गुडलँड्स गावात, सोनाराकडे मागच्या खोलीत चंद्रकलाआत्या चौदा वर्षं बसते आहे. लोक आजी-पणजीची चांदी आणतात आणि आत्या ती वितळवून हल्लीच्या तऱ्हेचे डूल, पदकं घडवते. तिच्या स्वतःच्या कानांत मात्र भोकं बुजू नयेत म्हणून ओवलेला काळा दोरा.

आज चांदी आणायची पाळी माझी होती. पणजीचे पायांतले तोडे मोडून मला मासिकात पाहिलेले लांबलचक डूल हवे होते. आमच्याकडे चांदीचा वाटा मुलीला लग्नातच मिळतो. आत्याचं लग्न झालं नाही, म्हणून तिच्या वाट्याचे तोडे माझ्याकडे आले, लग्नाआधीच, वादविवादाचं बक्षीस म्हणून. यात मला कधी काही खटकलंच नव्हतं.

आत्या चिडली नाही. फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "त्या दोघी बाहेर हसतात, त्यांनी पाठवलं ना तुला?"

मग तिने खणातून घड्या पडलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीने डूल काढले होते, उसाच्या तुऱ्यासारखे, वाऱ्याने एका बाजूला झुकलेले. असे मी मासिकातही पाहिले नव्हते. हे तिच्या लग्नासाठी होते. मुलगा बों अक्योय गावचा, आमचं बेट स्वतंत्र झालं त्या वर्षी नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेला. दोन वर्षं पत्रं आली, तिसऱ्या वर्षी बायकोबरोबरचा फोटो. पुढे आलेल्या स्थळांना आत्यानेच नाही म्हटलं.

"लगीन रायलं त्याचं काय नाय गं आता," ती म्हणाली. "हे घडवायचं रायलं."

तिने तोडे उचलले. पणजीच्या घोट्याने आतून गुळगुळीत झालेल्या कडेवर तिचा अंगठा फिरत राहिला. मग तिने विचारलं, तुझे डूल किती लांब करू? माप न देताच मी तोडे तिच्याकडेच राहू दिले, कागद मागून घेतला आणि बस पकडली. पुष्पा विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. मी मांडीवर कागदाच्या घड्या सपाट करत होते.

घरी आई चहा गाळत होती, बाबा तिथेच टेबलाशी बसले होते. तोडे बांधून नेलेला रुमाल रिकामा पाहून आईने विचारलं, मोडले का तोडे?

मी कागद दोघांच्या मध्ये ठेवला.

"ते माझे नायतच. त्यांचे हे डूल होणार, आत्याच्या कानातले. तिचा वाटा तिला द्यायचा, लगनाशिवाय. मी तिला उद्या सांगणार हाय."