मानशीवरचं गाऱ्हाणं

लोंबी हातात घेऊन प्रभावतीनं चोळली, फुंकर मारली, आणि तळहातावर नुसता कोंडा राहिला. दुसरी चोळली, तिसरी चोळली. मग तो कोंडा तिनं टाकला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. मी माझ्या बांधावर उभी होते. माझं शेत तिच्यापेक्षा हातभर उंच, म्हणून अर्धं वाचलेलं. तिचं सगळं काळं पडलं होतं, जळल्यासारखं, आणि वर ऊन असं लख्ख की मिठाचा पांढरा पापुद्रा चिखलावर चमकत होता.

गोकुळदास पँट दुमडून बांधावर आला. आमच्या वॉर्डाचा पंच, आणि नात्यानं प्रभावतीचा लांबचा दीर.

"वयनी, हेका आता क्लायमेट म्हणतत," तो म्हणाला. "दर्यो वाडता. आमी ट्रेनिंग घेतलां न्हय पेडण्याक? जगभर चल्लां हां. तुमच्या-आमच्या हातातलां काय नाय."

"दर्यो वाडता तां खरां, भावजी," प्रभावती खाली बघतच बोलली. "पण दाराखाली खुंटी कोणी लायली?"

तो हसला. उन्हानं माझं डोकं फिरलंय की तिचं, असं काहीतरी मला विचारून निघून गेला.

कोरगाव मागं टाकून खाली उतरलं की खाडीच्या कुशीत आमचा वाडा. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक लाकडी दार. त्याला आम्ही मानस म्हणतो. ओहोटीला शेतातलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीच दाराला टेकते आणि ते आपोआप मिटतं. एवढ्या त्या फळीच्या भरवशावर आमच्या वाडवडलांनी समुद्राकडून जमीन मागून घेतली आणि तिच्यात कोरगुट भात पेरलं. लावणीला वाकलेल्या बायकांत प्रभावतीचा आवाज सगळ्यात वर असायचा.

शेताच्या माझ्या बांधाला
खाडी टेकवी कपाळ,
उंबऱ्याशी बस म्हणावं,
आत येऊ नको बाळ.

मानशीत मासे धरायचा मक्ता गोकुळदासाकडे. भरती लागताना दाराखाली बांबूची खुंटी अडकवली की दार मिटत नाही, खाडीचं पाणी सुंगटांसकट, म्हणजे कोळंबीसकट, आत येतं, आणि ओहोटीला तोंडाशी जाळं लावलं की झालं. चैत्रात, शेतं रिकामी असताना, असं केलं तर कुणी बोलत नाही. पण त्यानं ते नारळी पुनवेला केलं. पाऊस उघडला होता, भात पोटरीत होतं. सगळा वाडा ढोल वाजवत खाडीला नारळ द्यायला गेला होता. खुंटी लावून तोही आला, गर्दीत नाचला, आणि नाचता नाचता विसरला. खाडीनं नारळ घेतला आणि मागच्या दारानं आत शिरली. पाणी उतरेपर्यंत प्रभावतीच्या शेताचं मिठागर झालं होतं. बियाणंसुद्धा उरलं नाही. त्या दिवसापासून तिची ओवी बंद.

तरी हे तिनं गिळलं असतं, असं मला वाटतं. गिळता आलं नाही ते पुढचं.

पंचायतीला वरून हुकूम आला की गावाच्या विकास आराखड्यातच आता पूर, दरड, वादळ, खारं पाणी यांचा विचार घालायचा. कुठं धोका आहे ते गावानं फिरून बघायचं आणि तशीच कामं धरायची. हुकूम चांगलाच होता. पण समितीवर बसला गोकुळदास. त्यानं नकाशा केला, आणि प्रभावतीच्या शेतावर निळी रेघ मारली. ही जमीन पाण्याखाली जाणारच, तिथं शेती करणं धोक्याचं, ती पाण्याला सोडावी आणि मत्स्यपालनाला लावावी. मत्स्यपालन कोण करणार हे नकाशावर नव्हतं. तशी गरजही नव्हती.

"आमचां शेत तेणी मारल्यान," प्रभावती मला म्हणाली, "आणि आता तेची तळी करून तेतूच मासे पोसतलो. रुक्मिणी, हेका मी सोडूचंय नाय."

ग्रामसभेत ओरडून काही होणार नाही हे तिला माहीत होतं. तिथं तो तिच्यापेक्षा चांगला ओरडतो. तिनं दुसरी जागा बघून ठेवली होती.

मानशीच्या डोक्याशी देवचाराचा दगड आहे. देवचार म्हणजे आमच्या शिवेचा राखणदार. गोकुळदास पोलिसाला भीत नाही, पण देवचाराला भितो. मक्त्याची पहिली सुंगटं विकली की पाव, विडी आणि सोऱ्याची, म्हणजे दारूची, बाटली घेऊन तो एकटा त्या दगडाशी जातो. आराखड्याची फेरी तालुक्याच्या साहेबासमोर निघायची होती, तेव्हा मानशीवर गाऱ्हाणं घालून सुरुवात करू, फोटो चांगले येतील, ही कल्पनाही त्याचीच. गाऱ्हाणं, म्हणजे राखणदाराला सगळ्यांनी मिळून घालायचं साकडं, सांगायचा मान वाड्यातल्या सदाशिवकाकांचा.

आदल्या सकाळी प्रभावती काकांकडे गेली. मी बरोबर होते. काका ओसरीवर सुपारी कातरत होते. तिनं पदराची गाठ सोडली आणि कोंडा त्यांच्यापुढं ठेवला. काकांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "गाऱ्हाणां सूड घेवक नसता, बाये."

"माका सूडच होयो, काका," ती म्हणाली. "पण तुमी तेतू एक अक्षर खोटां घालू नकात. खऱ्यानच होयतलो."

काकांनी कोंडा बोटानं हलवला, आणि मक्ता येण्याआधी मानशीची राखण कशी पाळीपाळीनं घराघराकडे असायची, फळीत काडीकचरा अडकून ती उघडी राहू नये म्हणून भरतीला दाराशी माणूस कसा बसायचा, ते सांगत बसले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाडा बांधावर जमला. साहेब छत्री घेऊन, गोकुळदास नवा शर्ट घालून, आणि पंचायतीची सचिव गौरवी नकाशाची गुंडाळी सांभाळत. ही डिचोलीकडच्या कारापूरची पोर, नवीनच लागलेली. काकांनी पागोटं सारखं केलं, दगडापुढं पाव ठेवला, हात जोडले.

"बा देवचारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या बांधाच्या, ह्या मानशीच्या, गोड्या नि खाऱ्या पाण्याच्या राखणदारा. आज तुझी लेकरां जमली हत. खयसून पाणी येता, खयसून वारो येता, तां बगून गावाची राखण करूची हा."

"व्हय म्हाराजा."

"तर म्हाराजा, गेल्या नारळी पुनवेक सगळो वाडो खाडयेक नारळ देवक गेल्लो, तेवा ह्या दाराखाली खुंटी लायली, ती दर्यान लायली नाय."

व्हय म्हाराजा आलं, पण विखरून. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. साहेब मोबाईलवर चित्रण करत होता. गोकुळदासाचे जोडलेले हात सुटले नाहीत, मान मात्र खाली गेली.

"जेणी लायली, तेका तू बगलंस म्हाराजा. तेणी आता हंय येवन बसाचां. पुनवेची भरती, उमाशेची भरती, आपल्या हातान दार लावचां, पाणी उतरासर उठाचां नाय. प्रभावतीच्या शेतातलां मीठ जायसर. आणि मीठ गेलां काय नाय, तां तिच्याच जिभेन सांगाचां. तेणी चुकवल्यान, तर ही खाडी तेच्या उंबऱ्यार न्हेवन सोड."

"व्हय म्हाराजा."

काका थांबले. आमच्याकडे गाऱ्हाण्यात एक जरी तोंड मिटलेलं राहिलं तरी ते पुढं जात नाही. काकांचे कान अजून तिखट आहेत. त्यांनी शेवटचा तुकडा पुन्हा म्हटला, पहिल्यापेक्षा हळू. सगळ्यांनी व्हय म्हटलं. पुन्हा थांबले. आता वाडा गोकुळदासाकडे बघत होता, आणि तो पावाकडे. मध्येच उठून जावं तर गाऱ्हाणं मोडल्याचा दोष त्याच्या माथी. गप्प राहावं तर खुंटी कबूल. काकांनी तिसऱ्यांदा म्हटलं. खाली मानशीत ओहोटीचं पाणी गुळगुळत होतं.

"व्हय म्हाराजा," गोकुळदास म्हणाला. पाण्यात फुगलेली फळी ओढून काढावी तसा आवाज आला.

साहेबाला पद्धत फार आवडली. लोकसहभाग म्हणतात तो हाच, म्हणाला. गौरवी मात्र डिचोलीकडची, गाऱ्हाण्यात वाढलेली. तिनं नकाशा बांधावरच पसरला, चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली आणि लिहायला पेन उघडून शांतपणे विचारलं, "गोकुळदासबाब, हंयच्या जाग्यार धोको म्हणान दर्यो बरोवं काय दार?"

त्यानं दगडाकडे बघितलं.

"दार बरय," तो म्हणाला.

तिनं धोक्यापुढं 'दार' असं लिहिलं आणि प्रभावतीच्या शेतावरची निळी रेघ खोडली. साहेबाला तिनं समजावलं की हे शेत पाण्याला सोडलं तर बांध कुणी बघणार नाही, आणि पुढं वाड्याच्या विहिरी खाऱ्या होतील. आराखड्यात पहिलं काम मानशीचं नवं दार आणि भरतीची राखण असं धरलं गेलं, राखणीपुढं गोकुळदासाचं नाव लागलं, आणि मासे धरायचा मक्ता बंद झाला.

मग पावसाळा आला आणि गेला, दुसराही आला. पुनवेला, अमावास्येला, दुपारच्या भरतीला गोकुळदास मानशीवर छत्री धरून बसलेला. येणारी-जाणारी माणसं विचारायची, "काय गोकुळदास, आज क्लायमेट कसां आसा?" तो पहिल्यांदा शिव्या घालायचा. नंतर नुसतं बघायचा. दार मात्र त्यानं एकदाही चुकवलं नाही.

माझ्या माळ्यावरचं कोरगुटाचं बी मी प्रभावतीला दिलं. ते रुजलं, वाढलं. गोकुळदासाला वाटलं आपण सुटलो. पण कोरगुट थोडं खारं सोसतं, त्याच्या रुजण्यावरून मातीची साक्ष काढता येत नाही. साक्ष जिभेची. दर खेपेला प्रभावती बांधावरून उतरायची, बोटभर चिखल जिभेवर ठेवायची, त्याच्या डोळ्यांदेखत थुंकायची आणि सांगायची, खारट.

परवा आषाढातल्या अमावास्येला आम्ही दोघी बेणणीला, तण काढायला, गेलो होतो. रात्रभर पाऊस कोसळून सकाळी थांबला होता. भाताच्या पात्यांवर पाणी, आणि प्रभावती कितीतरी दिवसांनी तोंडातल्या तोंडात ती ओवी म्हणत होती. गोकुळदास आपणहून खाली उतरून आला. दोन पावसाळ्यांत म्हातारा झालाय.

"वयनी," तो म्हणाला, "आज बगा."

ती वाकली. चिखल घेतला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. तिच्या गालाची शीर हललेली मला दिसली. मग ती थुंकली.

"खारट."

तो माझ्याकडे वळला. "रुक्मिणी, तू बग गो. तू खोटां सांगूचंस नाय."

मी वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. गोड होती. पावसानं धुतलेली, मुळांचा वास असलेली, पेजेवरच्या निवळीसारखी गोड. प्रभावती माझ्याकडे बघत नव्हती. ती पदराचं टोक चाचपत होती, जिथं तेव्हा कोंडा बांधला होता तिथं.

"खारट," मी म्हटलं.

गोकुळदासानं छत्री उचलली आणि तो दाराकडे चालू लागला. भरती लागली होती.