बाबूचे जोड

"काप तो. हळू काप, त्याला ऐकू जाईल."

बाबांचा हा आवाज ताईच्या कानात कायमचा घर करून बसला होता. पलीकडच्या खोलीत तिचा भाऊ बाबू जेवायला बसलेला असायचा, त्याच्या ताटवाटीचा आवाज यायचा आणि इकडे वायरिंगच्या दुकानातल्या लाकडी बाकावर बाबा त्यानं सकाळभर जोडलेल्या वायरी तिच्यापुढे सरकवायचे. ती एकेक टोक कापायची, तारा नव्यानं सोलायची, थिंबलची नवी धातूची टोपी चढवायची आणि पकडीत धरून दाबायची. कापलेली टोकं बाबा मुठीत घेऊन मागच्या दारानं टाकून यायचे. बाबू हात पुसत परत आला की वायरी होत्या तिथं, होत्या तशा. बाबा त्यातली एक उचलून ओढून बघायचे आणि म्हणायचे, "वा! हात बसला हं तुझा."

बाबू खुलायचा. ताई खाली मान घालून तारांचा भुसा झाडायची.

बाबूची खोड एकच होती. वायरीच्या टोकाला तो आधी सोल्डर वितळवून चढवायचा आणि मग थिंबल घालून दाबायचा. दिसायला असं देखणं की गिऱ्हाईक बघत राहावं. नवं असताना ओढून बघितलं तरी हलायचं नाही. पण सोल्डर प्यायलेली तार काडीसारखी ताठ होते. बोट असो की ट्रक, इंजिन दिवसभर थरथरतं आणि जिथं सोल्डर संपतं, तिथंच एके दिवशी ती मोडते. तार मऊ हवी, हलती हवी, आणि दाब असा हवा की तांबं आणि थिंबल एकजीव व्हावं. एवढं सोपं होतं.

बाबांनी एकदा हे त्याला सांगितलंही होतं, गिऱ्हाइकासमोर, त्याचा जोड मोडून दाखवून. बाबू तसाच उठून घर सोडून गेला. परत आला तेव्हा गालफडं बसली होती, आणि तोवर आईनं अंथरूण धरलं होतं. त्यानंतर बाबांनी त्याला कधी काही म्हणून म्हटलं नाही. आई गेली, तरी नाही. बोलायचं राहिलं ते ताईच्या हातून करून घेतलं.

"तुझं काय जातंय गं?" बाबा म्हणायचे. "तुझा हात चांगला आहे हे मला माहीत आहे. तेवढं पुरे नाही का?"

तेव्हा ते पुरायचं. पकड दाबता दाबता ती स्वतःशीच गुणगुणायची:

लाल वायरी गं बाई, तुझं तोंड मी सोलते,
भावाच्या गं नावाखाली, माझा हात मी घालते.

बाबा गेल्यावर बाबूनं काम धक्क्याजवळच्या शेडमध्ये नेलं. ताईला म्हणाला, "तू काउंटर सांभाळ. हाताला घट्टे पडलेत बघ तुझ्या, बाईमाणसाला शोभतात का?" माल तेवढा तिनं निवडायचा. ती निवडायचीही जीव लावून. बोटीसाठी कथलाचा मुलामा दिलेलीच तांब्याची वायर, कारण उघडं तांबं खाऱ्या हवेनं हिरवं पडतं. लाल थिंबल बारीक वायरीला, निळं मधल्या, पिवळं जाड्या. आतून गोंद असलेली स्लीव्ह, गरम केली की गोंद वितळून तोंड बंद करणारी, पाण्याचा थेंब आत जाऊ न देणारी. आणि पकड घ्यायची ती खटक्याची, पुरती दाबल्याशिवाय न सुटणारी. अशी एक नवी पकड तिनं बाबूसाठी मागवली होती. त्यानं ती खुंटीला लावली. "खेळणं आहे हे," म्हणाला. "माझ्या साध्या पकडीत काय कमी आहे?"

"बाबू, सोल्डर नको ना करूस. नुसतं दाब. थरथरून मोडतं ते."

"इतकी वर्षं मोडलं का?"

ताई वायरीचं भेंडोळं गुंडाळू लागली. या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते बाबांनी तिच्याकडे ठेवायला दिलेलं होतं.

आता शेडमधून निघालेली प्रत्येक वायर तशीच बोटीत जात होती. मधे कापणारं कुणी नव्हतं.

मग एका दुपारी लाँचवाले काका दुकानात आले. एरवी दारातूनच हाक देत येणारा माणूस. आज पायरी चढून नुसता उभा राहिला आणि खिशातून वायरीचा वीतभर तुकडा काढून त्यानं काउंटरवर टाकला.

"तुमच्या बाबूचं काम," ते म्हणाले. "तळातलं पाणी उपसायचा पंप बंद पडला. धाकटी लाँच धक्क्याला बांधल्या बांधल्या बसली खाली. आम्ही घरी जेवतोय आणि ती पाणी पितेय."

ताईनं तुकडा उचलला. थिंबल तिनंच निवडलेलं, निळं. त्याच्या तोंडाशी तारा मोडलेल्या, आणि मोडलेल्या जागेवर सोल्डरची चकचकीत कड. तिला वाचायला आणखी काही नको होतं.

बाबू शेडमधून आला तो घाम पुसतच. तुकडा बघून त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं ताईला खुणेनं आतल्या खोलीत बोलावलं.

"म्हण की थिंबलचा लॉट खराब आला. तू निवडलास, तुझ्या लक्षात आलं नाही. संपलं."

"थिंबल चांगलं आहे, बाबू."

"असेल चांगलं! म्हणायला काय जातंय? काउंटरवर बसणाऱ्या बाईला कोण काय बोलणार आहे? मला बोलतील. माझं नाव आहे बाजारात."

त्याचं नाव. त्या नावाचा कण न् कण तिच्या अंगठ्याखालून गेला होता, आणि आता तिनंच त्याच्यासाठी आपलं तोंड काळं करून घ्यायचं होतं.

"आणि पुढचं काम?" तिनं विचारलं.

"ते माझं मी बघेन."

बाहेर काका खुर्चीवर बसले होते. बाबू हसत त्यांच्याकडे गेला. "काका, सापडलं. थिंबलचा लॉट हलका आला होता. ताईच्या नजरेतून सुटलं. बायकांची खरेदी, रंग बघून घेतात."

काका हसले नाहीत. "हे बघ, धाकटी गेली ती गेली. तीत माणूस नव्हतं. मोठी उद्या वर ओढतोय, सगळं वायरिंग नवं करायला. तीत माणसं बसतात रे. पोरंबाळं बसतात, नाकापर्यंत भरलेली असते. तुझ्या बापाच्या शब्दावर मी आजवर दुसरीकडे गेलो नाही. पण आता खरं सांग, करू का तुझ्याकडं?"

"बिनधास्त करा. या वेळी माल मी स्वतः निवडतो."

"आणि जोड?"

"जोड?" बाबूनं छाती पुढे काढली. "बाबांच्या हाताखाली होतो तेव्हापासून माझा एक जोड सुटला असेल तर दाखवा. बाजारात कुणालाही विचारा. हिलाच विचारा ना, ही तर तिथंच असायची. सांग गं ताई. सुटला कधी?"

दोघंही तिच्याकडे बघत होते. काकांच्या नजरेत शंका होती, पण बाबूच्या नजरेत मुळीच नव्हती. तेच तिला सोसवेना. तो खोटं बोलत नव्हता. त्याचा त्याच्या हातांवर खरोखर विश्वास होता. बाबांनी आणि तिनं मिळून, रोज दुपारी, तो जेवायला बसल्यावर, तो विश्वास घडवला होता. इतक्या मायेनं त्याला अडाणी ठेवलं होतं.

"सांग ना," बाबू म्हणाला. आता जरा चिडून. "वाचा बसली का?"

"नाही सुटला," ताई म्हणाली.

बाबू काकांकडे वळला, "बघा!" म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"नाही सुटला, कारण ते तुझे नव्हते रे. तू जेवायला बसलास की बाबा तुझे सगळे जोड माझ्याकडून कापून घ्यायचे आणि नवे करवून घ्यायचे. तुझा एकही जोड, बाबा असेपर्यंत, या दारातून बाहेर गेला नाही."