ताईचं रविवारचं सूप

“तुम्ही गहू खाताय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि रक्ताचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर माझ्याकडे फिरवला. “थोडा असेल, चोरून असेल, पण खाताय.”

“नाही खात.”

“आकडा तेच सांगतोय. आठ महिन्यांत तो बराच खाली यायला हवा होता. जिथल्या तिथं आहे.”

“बाई, आठ महिने मी पावाकडे नजर वर करून बघितलं नाही. बिस्कीट नाही, केक नाही. साहेबांच्या मुलीच्या लग्नात कोपऱ्यात उभा राहून दोन केळी खाल्ली आणि घरी आलो. आणि तुम्ही म्हणता चोरून?”

“चोरून म्हणजे, तुमच्या नकळतही असू शकतं.”

“मग नकळत म्हणा! चोर कशाला म्हणता?”

बाहेर बसलेल्या माणसांना ऐकू गेलं असणार. जाऊ दे गेलं तर. छप्पन्न वर्षांच्या माणसाला कुणी शाळकरी पोरासारखं खडसावलं की त्याचं डोकं फिरणारच. माझं तर तसंही फिरायला वेळ लागत नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. कामावर सगळे गिड्डा म्हणतात, आणि लिफ्टच्या कामात गिड्ड्याला भाव असतो, कारण जिथं इतरांचे खांदे अडकतात तिथं मी आख्खा आत जातो. गेल्या वर्षी सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. जोडीदारानं कॉलर धरली म्हणून आज हे सांगतोय. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की अंगात रक्तच नाही. गव्हातलं काहीतरी माझ्या शरीराला चालत नाही, त्यानं आतड्याचं अस्तर झिजवून टाकलंय आणि हे बहुतेक लहानपणापासून चाललंय. औषध काही नाही. गहू सोडायचा, मरेपर्यंत.

सोडला. आणि आता हा कागद मला खोटं पाडत होता.

“तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू,” बाई जरा नरमल्या. “तोवर वही ठेवा. काय खाल्लं, कधी खाल्लं, काय झालं. आणखीही एखादी गोष्ट सोसत नसेल, तीही कळेल. पण तेव्हाही असंच निघालं तर लिफ्टवर चढायच्या कागदावर मी सही करणार नाही. तुम्ही वरून पडलात तर ते माझ्या माथी येईल.”

सही नाही म्हणजे मी स्टोअरमध्ये. खुर्चीवर बसून दुसऱ्यांना पाने-पक्कड काढून द्यायची. त्यापेक्षा पडलेलं बरं, असं मी मोठ्यानं म्हणालो आणि बाहेर आलो.

घरी आलो तो थेट स्वयंपाकघरात. बायको नुकतीच कामावरून आली होती.

“ही पळी जुनी का?”

“अहो, गेल्या महिन्यात आणली.”

“चाळण कुठली?”

“चाळण तुम्हीच फेकून दिलीत. डबे फेकलेत. लाटणंसुद्धा फेकलंत. आता मला फेका म्हणजे झालं.”

“मग माझ्या पोटात गहू येतो कुठून? आकाशातून पडतो?”

गेले आठ महिने या घरात गव्हाचा कण नव्हता. बायको दुपारी कामावरच पाव खायची, हातपाय धुऊन घरी यायची. तरी मी त्या रात्री सगळी भांडी खाली काढली आणि एकेक दिव्याखाली धरून बघितलं. ती दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा मला दिसत होता आणि मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी वही सुरू केली.

लिफ्ट मध्येच थांबते आणि दोष सापडत नाही, तेव्हा एकच मार्ग असतो. एकेक तार सोडवायची. एका वेळी एक. उतावीळपणा करून दोन काढल्या तर दोष गेला तरी कुणाचा होता ते कळत नाही. मी पोटाच्या मागे तसाच लागलो. पहिल्या आठवड्यात दूध बंद केलं. पोटातली गुडगुड गेली, पण बाकीचं राहिलं. बाई फोनवर म्हणाल्या, आतडं बरं होईस्तोवर दूध सोसणार नाही, ते बंदच ठेवा. दुसऱ्या आठवड्यात अंडी. तिसऱ्या आठवड्यात डाळ. मग टोमॅटो. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. प्रत्येकानं आठवडाभर शिक्षा भोगली आणि सुटून आले.

मंगळवार मात्र सुटत नव्हता. सोमवारी रात्री पोटात पीळ पडायचा आणि मंगळवारी सकाळी कोपरांवर बारीक फोड, तोंडात चट्टे, पायांत गोळे. बुधवारपासून हळूहळू उतार. पाच आठवड्यांत एकच मंगळवार कोरा गेला होता.

“त्या आठवड्यात वेगळं काय झालं?” मी वहीकडे बघत स्वतःशीच म्हणालो.

बायकोनं शिवण बाजूला ठेवलं. वहीवर बोट ठेवलं. “त्या रविवारी ताईंना ताप होता. आपण त्यांच्याकडे गेलो नव्हतो.”

“मग?”

“मग काही नाही.”

“तुला काय म्हणायचंय?”

“मला काहीच म्हणायचं नाही. आठ महिन्यांत म्हटलं का काही? तुमच्या ताईंबद्दल मी चकार शब्द काढला असता तर घर डोक्यावर घेतलं असतंत.”

तेव्हाही घेतलंच. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. वडील ट्रकवर असायचे, आठ-आठ दिवस पत्ता नाही. ताई कपडे धुण्याच्या कारखान्यात जायची आणि संध्याकाळी कागदात गुंडाळलेला पाव घेऊन यायची. “हात दाखव,” म्हणायची. मी हात पुढे करायचो, ती दोन्ही बाजूंनी उलटे-सुलटे करून बघायची, आणि मगच पाव. पुष्कळदा तिचा अर्धाही मलाच. “मला भूक नाही रे.” मला खूप वर्षं खरंच वाटायचं की ताईला भूक लागत नाही.

मी आजारी आहे कळल्यावर तिनं माझ्यासाठी नवं पातेलं आणलं होतं. दर रविवारी माझं भाज्यांचं सूप त्यात वेगळं शिजायचं. झाकणाला निळी चिकटपट्टी लावली होती, म्हणजे चुकूनही दुसरी पळी जायला नको. सूपही काय दाट व्हायचं! अख्ख्या जगात एवढ्या काळजीनं मला कुणी जेवू घालत नव्हतं. आणि हिनं बोट ठेवायचं तर त्या पातेल्यावर?

पण मला काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, दोष मिळत नसेल तर जो भाग तू स्वतः बसवलास आणि तपासायचा राहू दिलास, तो आधी उघड. खरं सांगायचं तर मी ती तार कधी सोडवलीच नव्हती.

पुढच्या रविवारी तासभर लवकर गेलो. एकटाच. दार लोटलेलंच होतं. ताई शेगडीपुढे उभी होती, पाठ माझ्याकडे. निळ्या पट्टीचं झाकण बाजूला काढून ठेवलं होतं. छोट्या कढईत काहीतरी खमंग भाजत होतं. तिनं ते खरवडून माझ्या पातेल्यात टाकलं आणि गुठळी होऊ नये म्हणून भराभर ढवळायला लागली.

“ताई, काय टाकलंस?”

“अगं बाई! दचकले ना. लवकर कसा आलास?”

“काय टाकलंस त्यात?”

“काही नाही रे. चमचाभर पीठ, भाजून.”

“कसलं?”

“कसलं म्हणजे? गव्हाचं.” आणि हसली. खरंच हसली. “आता कळलंच आहे तर सांगते. दोन चमच्यांवर आलं की सांगणारच होते. पहिल्यांदा चिमूटभर घातलं. मग अर्धा चमचा. आता बघ, अख्खा चमचा पचायला लागलाय तुला! तुला पोहायला कसं शिकवलं होतं मी? आधी पाय, मग गुडघे, मग कंबर. सवय लावली की शरीर सगळं घेतं. त्या डॉक्टरणीला काय, ती सोड म्हणून मोकळी झाली. तू वाळत चाललास ते मला दिसतं.”

“पचतंय?” माझा आवाज चिरकला. “कुणी सांगितलं पचतंय म्हणून?”

“तुला काही झालं असतं तर बोलला असतास की.”

बोललो नव्हतो. दर मंगळवारी कमोडवर दोन-दोन तास बसायचो, आणि ताईनं फोनवर विचारलं की “मस्त आहे” म्हणायचो. म्हातारी काळजी करेल म्हणून.

मी पातेलं उचललं. हात भाजला. तसंच सगळं सूप मोरीत ओतलं. ताई मागून “अरे, अरे” करत होती.

“आठ महिने!” मी ओरडलो. “आठ महिने मी बायकोवर भुंकतोय. भांडी फेकतोय. त्या डॉक्टरणीनं मला चोर ठरवलं. माझं काम जातंय, ताई! सव्वीस वर्षांचं काम! आणि तू इथं बसून मला चमच्यानं विष मोजून घालतेस?”

“विष काय म्हणतोस रे? गहू आहे तो. गव्हावर तर तुला वाढवला मी.”

“वाढवला? कुठं वाढलो? बघ ना माझ्याकडे! डॉक्टर काय म्हणाल्या माहीत आहे? लहानपणीच गहू बंद झाला असता तर मी चार माणसांसारखा उंच झालो असतो. जन्मभर गिड्डा म्हणून घेतलं ते तुझ्या पावामुळे!”

हे मी तिला कधीच सांगणार नव्हतो. बाईंनी सांगितलं त्या दिवशीच ठरवलं होतं. तोंडातून गेलं. तेव्हाच्या तेव्हा मागं घेता आलं असतं, पण माझा संताप अजून उतरला नव्हता, आणि बोललो त्यात खोटं काहीच नव्हतं.

ताई स्टुलावर बसली. पदरानं शेगडीजवळचं ओघळलेलं सूप पुसायला लागली. फडकं शेजारीच होतं.

“माझा अर्धाही मी तुलाच द्यायचे,” ती म्हणाली.

मी निघून आलो. घरी जाऊन बायकोला काय झालं ते सांगितलं. ती “मी म्हटलं नव्हतं का” म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

सात रविवार गेलो नाही. ताईचा फोन आला की बायको बोलायची. मंगळवार एकापाठोपाठ एक कोरे जायला लागले. सातव्या आठवड्याच्या शेवटी रक्त दिलं. आकडा निम्म्याच्या खाली आला होता. बाईंनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, “सापडला का चोर?” मी म्हणालो, “चोर नव्हता, बाई.” का कुणास ठाऊक, त्यांच्यावरही मला राग आला.

पुढच्याच रविवारी ताईकडे गेलो. सही दाखवायला, असं बायकोला सांगितलं. राग गेला होता असं नाही. जिना चढताना एकेका पायरीवर मला ते पातेलं आठवत होतं.

शेगडी विझलेली होती. ओट्यावर पिठाचा डबा असायचा तिथं गोल डाग तेवढा राहिला होता. टेबलावर एका ताटात उकडलेले बटाटे होते, सालींसकट. उकडलेली अंडी, कवचासकट. केळी. मिठाचं पाकीट, दुकानातून आणलेलं, न उघडलेलं. आणि एक सुरी, तीही कागदात गुंडाळलेली, नवी.

“सोलून घे तू,” ताई भिंतीजवळ उभी राहून म्हणाली. “कशातही काही घालता येणार नाही, असंच बघून आणलंय. मी हात लावत नाही.”

मी सहीचा कागद टेबलावर ठेवला. तिनं लांबूनच वाचला, मान हलवली. मी बसलो. पाकीट फोडलं. एक बटाटा घेतला. तो गरम होता आणि भाजलेल्या हाताची कातडी अजून कोवळी होती, साल निघेना.

“तू नाही जेवणार?”

“मला भूक नाही रे.”

हे मी किती वेळा ऐकलं असेल. बटाटा हातात तसाच राहिला.

“ताई, हात पोळतोय माझा,” मी म्हणालो. “तू सोल.”

ती हलली नाही. मग नळापाशी गेली. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा साबण घेतला, पुन्हा धुतले. नखं घासली. पदराला न पुसता, ओले हात तसेच घेऊन माझ्यापुढे आली, आणि सदुसष्ट वर्षांच्या माझ्या ताईनं दोन्ही हात पुढे करून आधी सुलटे, मग उलटे करून मला दाखवले.