लाकडी आईचा पाय

खेळाच्या खोलीत फळीवर पत्र्याचे अकरा डबे, अकरा कुलपं. एकेका मुलाचा एकेक डबा. त्या खोलीचा नियमच होता, मूल डबा जसा लावून जाईल तसाच तो पुढच्या खेपेला त्याच्या हाती यायचा. आत पसारा असेल तर पसारा, मोडकं असेल तर मोडकं. मुलांच्या मनातलं दुःख खेळातून हळूहळू बाहेर येऊ द्यायचं, हे बाईंचं काम. मुलं त्यांना ‘खेळाच्या बाई’ म्हणत. अठरा वर्षांत बाईंनी हा नियम एकदाच मोडला, तोही मायेपोटी.

सातवा डबा घुमीचा. नाव मावशीनं ठेवलेलं. आई दीड वर्षापूर्वी पिशवी भरून गेली ती गेलीच, आणि तेव्हापासून सात वर्षांची ही पोर आईचं नाव काढेना.

“बोलते का हो तुमच्याशी?” मावशी दर बुधवारी दारातच विचारायची. “की पन्नास मिनिटं दोघी भिंतीकडे बघत बसता? घरी तर हिच्यापेक्षा भिंत बरी, निदान पाल तरी चुकचुकते!”

घुमी बोलायची नाही, खेळायची. डब्यात बोटाएवढी लाकडी माणसं होती. पहिल्याच महिन्यात तिनं त्यातल्या आईचा पाय मोडला. मग दर बुधवारी त्या पायाला चिंधी बांधायची, आईला रुमालावर निजवायची, वेळ संपली की डबा लावायची. चार महिने हेच.

गेल्या बुधवारी मात्र जाता जाता दारात थांबली. “मी इथंच राहू?”

“तुला इथंच राहावंसं वाटतंय,” बाई म्हणाल्या. मुलाचं मन त्यालाच ऐकू जावं म्हणून असंच बोलायचं असतं, शिकवलेलं असतं तसं. उत्तर अगदी बरोबर होतं, तरी बाईंना ते टोचत राहिलं. पोर मावशीचं बोट धरून गेली. खोली रिकामी झाली, नको तितकी रिकामी. बाईंनी सातवा डबा उघडला, सरस लावून पाय जोडला आणि वाळेपर्यंत चिमटीत धरून बसल्या, जणू पोरीचाच हात धरलाय.

आज घुमीनं डबा उघडला. हातात चिंधी, आणि बांधायला जखमच नाही.

“कुणी केलं?”

“मी. तुझ्या डब्याला हात लावायचा नव्हता. लावला. चुकलं माझं.”

“का लावलात?”

“मोडलेला पाय मला बघवेना.”

घुमीनं पाय ओढला, पिरगाळला. सरस पक्का होता. चेहरा लालबुंद झाला. “मोडा! तुम्हीच मोडा परत!”

बाईंनी बाहुली हातात घेतली. पाय कट्‌कन मोडला असता तर पोर शांत झाली असती, त्याही सुटल्या असत्या. “मोडलेला असला की काय होतं?” त्यांनी विचारलं.

“तिला चालता येत नाही! म्हणून ती येत नाही!” मग आवाज एकदम खाली आला. “पाय बरा आहे, तर मग का नाही येत?”

“मला नाही माहीत गं,” बाई म्हणाल्या. हे काही शिकवलेलं नव्हतं.

घुमी रडली. दीड वर्ष साठलेलं रडली. बाईंचे हात उचलले गेले आणि परत मांडीवर आले. त्या नुसत्या वीतभर अंतरावर सरकून बसल्या. रडून झाल्यावर घुमीनं लाकडी आईला खोलीच्या दाराकडे तोंड करून उभं केलं.

“अजून किती वेळ आहे?”

“सहा मिनिटं.”

“मग वाट बघू.”

दोघींनी सहा मिनिटं वाट पाहिली. कुणी आलं नाही. घुमीनं बाहुली डब्यात ठेवली, शेजारी चिंधीची घडी ठेवली. “आता हात नाही लावायचा.”

“नाही लावणार.”

दार उघडताच मावशी सुरू झाली, “काय, आज भिंत काय म्ह—”

“मावशी, आईचा पाय बरा आहे. तरी ती आली नाही.”

मावशीच्या हातातली पिशवी खाली पडली. ती तिथंच फरशीवर बसली आणि पोरीला कुशीत ओढून घेतलं, घट्ट, मागं-पुढं झुलत, “नाही आली गं बाळा, माझ्याकडेही नाही आली.”

बाईंनी हळूच दार लोटलं. सातव्या डब्याची किल्ली मुठीत गरम होईपर्यंत त्या फळीसमोर उभ्या राहिल्या. पुढच्या बुधवारला अजून सात दिवस होते.