मोज्यातली ट्यूब

मी जरा हळूच बोलते. आम्हा ट्यूबांचा आवाज निघाला, की समजावं आमचा जीवच निघाला.

मी सायकलची जादा ट्यूब. कारखान्यात तापलेल्या साच्यातून बाहेर आले, तेव्हा एकदा हवा भरून मला तपासलं. लगेच ती काढून घेतली आणि घडी घालून खोक्यात कोंबलं. माझ्या वाट्याला आलेला श्वास तो तेवढाच.

विजापूरच्या दुकानातून दानेश्वरीनं मला आणि माझ्या बहिणीला बरोबरच घरी आणलं. आम्हाला पावडर चोळली, एकेका जुन्या मोज्यात घातलं आणि सीटखालच्या पिशवीत ठेवून दिलं.

"बाळंतपण करतेस का गं त्यांचं?" तिची मैत्रीण रुबीना म्हणाली.

"हस तू. मोज्यात नसल्या तर पान्हा घासून फुटतात त्या."

दोघी एकाच शाळेत शिकवायच्या. घर ते शाळा, याच्यापलीकडे त्यांची सायकल कधी गेली नव्हती. आणि दिवाळीच्या सुट्टीत निघाल्या होत्या गोकर्णला, समुद्र बघायला! रुबीना बिनधास्त. दानेश्वरी मात्र घराला कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन ते ओढून बघणारी. मला ती पहिल्या दिवसापासून जवळची वाटली. मीही तशीच. पिशवीची चेन उघडली तरी मला धस्स व्हायचं.

तिचे अप्पा जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेले. त्यांनी सरळ 'नको' म्हटलं नाही. "सगळं सामान लादून कोल्हारपर्यंत जा आणि ये," ते म्हणाले. "वाटेत अडलीस तर फोन कर, मी गाडी घेऊन येतो. पण मग गोकर्ण विसरायचं."

"कबूल," ती म्हणाली.

जाताना सगळं सुरळीत झालं. कोल्हारला दोघींनी झाडाखाली बसून मडक्यातलं दही खाल्लं, ज्वारीच्या भाकरीला शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली. परतताना बाभळींच्या रांगेपाशी मागचं चाक एकदम बसलं.

दानेश्वरीनं चाक सोडवलं, टायरवर बाहेरून हात फिरवला, काही लागलं नाही. मग तिनं माझ्या बहिणीला मोज्यातून काढून आत बसवलं. मला वाटलं, सुटली बिचारी, तिचं आयुष्य मार्गी लागलं.

थोडंसं अंतर गेलं असेल. पुन्हा तेच. सूं...

मी मोज्यात गोठून गेले.

पट्टी लावावी म्हटलं, तर सोल्युशनची नळी आतून वाळलेली. रुबीनाच्या सायकलची चाकं लहान, तिच्या ट्यूबा आमच्या उपयोगाच्या नाहीत. राहिले मी एकटी. रस्त्यावर झाडांच्या सावल्या लांबायला लागल्या होत्या.

"दानव्वा, लावू का अप्पांना फोन?" रुबीनानं मोबाइल बाहेर काढला.

"ठेव तो आत."

"मग काढ ना ती दुसरी! तिचा काय हुंडा द्यायचाय?"

"ही गेली तर सगळं गेलं, रुबी."

असं म्हणत तिनं मला बाहेर काढलं. उजेडानं डोळे दिपले. मला चाकात सारताना तिची बोटं घामेजलेली होती. आणि आत शिरता शिरता मला तो दिसला.

काटा. बाभळीचा. बाहेरून मोडून टायरच्या बरोबरीला आलेला, म्हणून तिच्या हाताला लागला नव्हता. आतल्या बाजूनं मात्र त्याचं टोक शांतपणे वर आलेलं. माझ्या बहिणीला त्यानंच खाल्लं होतं.

मला ओरडायचं होतं. पण ओरडायला हवा हवी, आणि हवा भरली की काटा घुसणार. असं कुणाचं होऊ नये.

पंप जोडला. पहिला दट्ट्या. मी फुगले. दुसरा. टोक माझ्या अंगाला टेकलं. तिसऱ्याला ते रुतायला लागलं आणि...

"थांब," दानेश्वरी म्हणाली.

"आता काय? गॅस चालू राहिला का घरी?"

"आधीच्या दोन्ही इकडं दे."

तिनं जुनी ट्यूब आणि माझी बहीण, दोघींना हवा भरायच्या तोंडाशी तोंड लावून मातीवर आडवं पसरलं. मग भोकं शोधली. दोन्ही एकाच जागी. अगदी शेजारीशेजारी.

रुबीनाची थट्टा थांबली. "म्हणजे, तो अजून आत..."

मला घाईघाईनं बाहेर ओढलं. दानेश्वरीनं टायरच्या आतून बोट फिरवलं. "अव्वा गं!" बोटावर रक्ताचा थेंब उभा राहिला, आणि ती चक्क हसली.

काटा निघाला तो रुबीनाच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं. "उगाच ओझं म्हणत होतीस ना याला?" ती म्हणाली. "आता नमस्कार कर."

परतीची वाट मी कशी काढली, माझं मला माहीत. काटा रुतला होता तिथं ओरखडा होता. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता फुटले, आता फुटले.

घर आलं. फाटकात अप्पा उभे. "इतका उशीर? एक फोन करता येत नाही?"

"तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हणून करायचाच नाही?"

तिची आई, अव्वा, मागून म्हणाली, "दुपारपासून गाडीची किल्ली मुठीत धरून बसलेत. जेवलेसुद्धा नाहीत."

अप्पांनी वाकून अंगठ्यानं मागचं चाक दाबून बघितलं. "घट्ट आहे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दानेश्वरीनं मला बादलीत बुडवलं. एकही बुडबुडा नाही. तरी तिनं माझ्यावरून इंचाइंचानं बोट फिरवलं, ओरखडा शोधला आणि ताज्या सोल्युशननं त्यावर पट्टी बसवली. बहिणीलाही पट्टी लागली. आता मोज्यात ती आहे, दोन कोऱ्या ट्यूबा आहेत आणि चाकात मी.

वाचणाऱ्यांनो, एक विनंती करते. तुमच्या चाकात माझ्यासारखी कुणी गेली, तर दुसरीला लगेच आत लोटू नका. आधी टायरच्या आतून बोट फिरवा. टोचलं तर टोचू द्या.

आज निघायचं आहे. पिशव्या चढल्या, रुबीना वळणापर्यंत पोचलीसुद्धा. अप्पा कॅरिअरला हात लावून उभे आहेत, सोडत नाहीत.

"फोन करायचा," ते म्हणतात. "काही झालं नाही तरी करायचा."

"समुद्र दिसला की करते, अप्पा."

त्यांनी हात काढला. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं.