सात नंबरचं पिंप

पिंप कधी आपोआप भरत नसतं, ते आटतं. लाकूड वाइन पितं, म्हणून दर शनिवारी त्याच वर्षाच्या वाइननं ते काठोकाठ भरायचं, नाहीतर हवा शिरून माल आंबतो. आमच्या सेरवाझ्झो गावच्या तळघरात हे काम घरच्या रक्ताच्या माणसानंच करायचं, जावयानं नाही, हा आजोबांचा दंडक. किल्ल्या दोनच. एक माझ्या धाकट्या भावाकडे, इप्पोलितोकडे, आणि एक माझ्या कमरेला.

तर त्या शनिवारी मी बूच काढते, आणि सात नंबरचं पिंप आधीच तुडुंब! चाखलं तर पाणचट. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. सोमवारी पारखी येणार होते. या टेकडीवरची सगळ्यात मानाची वाइन म्हणून चार पिढ्यांनी कमावलेलं नाव एका घोटात गेलं असतं.

चोर कोण, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? भाचीचा, म्हणजे इप्पोलितोच्या लेकीचा, नवरा तुल्लियो, मिलानचा. सासऱ्याची किल्ली ढापायला कितीसा वेळ? आल्यापासून एकच धोशा, "आत्याबाई, मागणी आहे, माल पुरत नाही." वर गेल्या आठवड्यात भरलेले कॅन गाडीत घालून कुठंसं नेताना मी त्याला या डोळ्यांनी पाहिलेलं.

जेवतानाच मी तोंड सोडलं. "काय जावईबापू, वाइनीत पाणी घालायला मिलानमध्ये शिकवतात वाटतं?"

माझी भाची ओर्नेल्ला पांढरीफटक पडली. इप्पोलितो खाली मान घालून मक्याची पोलेंता खात राहिला. तुल्लियो एवढंच म्हणाला, "उद्या दुपारी माझ्याबरोबर तळघरात चला. तोवर गप्प बसा."

"मला गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय!"

पण गेले. माझ्या किल्लीनं आत शिरून, दार आतून लावून पिंपांमागे दोघं दडून बसलो. मनात म्हटलं, आता कुणा गरिबावर ढकलणार हा. चोराच्या उलट्या बोंबा.

कुलूप उघडलं. आत आला इप्पोलितो, हातात विहिरीच्या पाण्यानं भरलेला जग. सात नंबरचं बूच काढून त्यानं हळूहळू पाणी ओतलं, वर आलेलं ओघळलं तसा काठ बाहीनं पुसला, अगदी आईनं शिकवलं होतं तसा.

"यांनी आधी नासवलेल्या पिंपातला माल मीच त्या कॅनमधून व्हिनेगरवाल्याला दिला," तुल्लियो कुजबुजला. "हेही तिकडेच जाईल. वडिलांचं हे असं झालंय, ते ओर्नेल्लाला सांगायचा धीर होईना."

मी उठून पुढे झाले. इप्पोलितोनं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आई! बघ, मी एकट्यानं भरलं. आता किल्ली मला देशील ना? दर वेळी क्लोतिल्देलाच देतेस."

क्लोतिल्दे म्हणजे मी; आई जाऊन तर कैक वर्षं झाली. आणि किल्ली त्याच्याच हातात होती.

"देते हं बाळा. आधी हात पूस."

तो शहाण्यासारखा हात पुसू लागला. मी त्याची किल्ली काढून घेतली आणि तुल्लियोच्या हातावर ठेवली. "शनिवारी माझ्याबरोबर या. भरायचं कसं ते दाखवते."

इप्पोलितो पुसलेला हात तसाच पुढे धरून उभा होता.

"आणि मला, आई?"